काचेचा पैसा घ्यायचा, पण कुणाचा म्हणून?

एक पैसा. तेव्हाच्या रुपयाचा चौसष्टावा भाग. माणशी वर्षाला एक पैसा द्या, त्यातून देशी कारखाने काढू, आपली पोरं हुन्नरात तयार करू, असं सांगत अंताजी दामोदर काळे नावाचा एक शाळामास्तर गेल्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रभर हिंडला. टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. जपानला जाऊन काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं होते. कारखाना तीच शाळा, भट्टी तोच फळा. तिथं तयार झालेल्या पोरांनी पुढं देशात ठिकठिकाणी काचेच्या भट्ट्या पेटवल्या.

ही गोष्ट मराठी पुस्तकांत मोठ्या कौतुकानं सांगतात. कौतुकासारखी आहेच. इंग्रज बाटली विकायचा आणि आपण वाळू नुसती तुडवायचो, त्या काळात ही माणसं भट्टीपाशी उभी राहिली. पण दोस्तहो, पैसा मागताना फंडवाल्यांना अख्खा समाज दिसत होता. शिकवताना कोण दिसत होतं? महारवाड्यातलं, मांगवाड्यातलं पोरगं तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात गोणपाट अंथरून बसायचं. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत तसेच बसले. त्या पोराला भट्टीचं शास्त्र कोण देणार होतं? हा प्रश्न त्या कौतुकाच्या पानांत कुठं येत नाही. फंडाच्या पाठीराख्या टिळकांनी १९१८ साली मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेत जोरदार भाषण केलं. अस्पृश्यता देवाला मान्य असेल तर मी त्या देवालाच मानणार नाही, इथपर्यंत बोलले. मग अस्पृश्यता स्वतःच्या आचरणातून काढून टाकू अशा जाहीरनाम्यावर सह्या घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यांची सही काही झाली नाही. देवाला सोडायची तयारी होती, सहीची नव्हती.

हे जुनं उकरून काढायचं कारण आजचं आहे. काचेच्या एका कंपनीनं आमच्यापुढं पैसा धरलाय आणि आमच्या पोरांत दोन तट पडलेत. ते सांगतोच. त्याआधी त्याच काळातली आणखी एक काच बघू.

कराडजवळ ओगलेवाडी आहे. आज कराडचं रेल्वे स्टेशन म्हणतात ते तिथंच. १९१६ साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या मदतीनं ओगले बंधूंनी तिथं ओगले ग्लास वर्क्स काढली. 'प्रभाकर' कंदील तो त्यांचाच. मराठवाड्यात लाईट येईपर्यंत हा कंदील घराघरात होता. काच काजळली की राखेनं पुसायची, तडकली की कागद चिकटवायचा, हे आपल्या आधीच्या पिढीला पाठ होतं. कारखाना केव्हाच बंद पडला. कंदील आता हॉटेलात शोभेला टांगतात.

या ओगल्यांच्या काचेचा माल विकत गावोगाव फिरणारा एक विक्रेता होता. भाऊराव पायगोंडा पाटील. पुढं किर्लोस्करांचं काम केलं, कूपरचं केलं. काम कंपनीचं, डोक्यात भलतंच. सत्यशोधकी डोकं. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी या माणसानं रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी पोरं एका पंक्तीला. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. घराघरातून मूठमूठ धान्य गोळा केलं. काचेच्या, नांगराच्या, इंजिनांच्या कारखान्यांतून भाऊराव पगार घेत होते. पण पोरं कुणी निवडायची, पंक्तीला कुणी कुणाशेजारी बसायचं, हे कुठल्याही मालकानं ठरवलं नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच सरकारवर टीका केली म्हणून रयतची ग्रँट थांबली, तेव्हाही संस्था उभी राहिली ती त्या मुठीवर.

म्हणजे आपल्यापुढं दोन नमुने आहेत. एकात पैसा सगळ्यांचा आणि हुकूम वरच्यांचा. दुसऱ्यात पैसा मिळेल तिथून घेतलेला, पण हुकूम पोरांच्या बाजूच्या माणसाचा. आज कंपन्या कला, संस्कृती, शिक्षण यांना मदत करतात तेव्हा यातला कुठला नमुना असतो, एवढंच तपासायचं.

आता आमची गोष्ट. मी इस्लापूरचा, तालुका किनवट, जिल्हा नांदेड. पोटासाठी पुण्यात. नांदेडहून भोकर, हिमायतनगर मागं टाकत गाडी जंगलाकडं निघते, त्या वाटेवर आमचं गाव. जवळच पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा. पावसाळ्यात शहरातून लोक येतात, फोटो काढतात, भजी खातात, जातात. गावच्या आमच्या पोरांनी विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका चालवलीय. दोन टेबलं, एक पंखा, स्पर्धा परीक्षांची वापरलेली पुस्तकं. मागच्या पावसाळ्यात धबधबा बघायला आलेला एक साहेब ती खोली बघून गेला. बाटल्या-बरण्या करणाऱ्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. महिन्याभरात पत्र आलं. अभ्यासिकेला बाकं आणि पुस्तकं देऊ. दहावीला पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर असलेल्या दहा पोरांना दरसाल शिष्यवृत्ती देऊ. दारावर कंपनीच्या नावाचा बोर्ड लागेल. आणि एक विनंती: तुमच्या भागातल्या आदिवासींचं ते मोरपिसांचं नृत्य आमच्या वार्षिक कार्यक्रमाला मुंबईत आणा, कलाकारांचा जाण्यायेण्याचा खर्च आमचा.

पत्र वाचून निम्मी पोरं म्हणाली, फाडून टाका. भांडवलदाराचा पैसा घेतला की तोंड बंद होतं. उद्या त्यांच्या कारखान्यात कामगार कापला गेला तर आपण मोर्चात जाणार की बोर्ड पुसत बसणार? उरलेली म्हणाली, क्रांती व्हायची तेव्हा होईल, आधी पंखा बसवू. तुम्ही पुण्यात बसून घोषणा लिहिता, इथं दहावी झालेली पोरगी फीपायी घरी बसलीय, तिला काय सांगू?

दोन्ही बाजूंचं खरं आहे. मला विचाराल तर पैसा घ्यावा. पण त्या पत्रातल्या भाषेत नाही. त्या पत्रात तो पैसा देणगी आहे. माझं म्हणणं, त्यातला बराचसा पैसा आपलाच आहे. हे शब्दांचं चावणं वाटत असेल तर काच कशी होते ते बघा.

वाळू, सोडा, चुनखडी. साधारण पंधराशे अंश सेल्सिअसला ती वितळते. एकदा पेटवलेली भट्टी वर्षानुवर्षं विझवत नाहीत. काचेच्या कारखान्याचा मोठा खर्च म्हणजे इंधन. वाळू कुठून येते? आपल्या राज्यात सिंधुदुर्गात, कणकवलीजवळच्या कासार्डे भागात सिलिकाच्या खाणी आहेत. ती धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि बसलेली धूळ परत निघत नाही. हे एक टोक. दुसरं टोक तुमच्या माझ्या वस्तीत आहे. नव्या मालात जुनी फुटकी काच मिसळली की ती कमी उष्णतेत वितळते. शंभरात दहा भाग फुटकी काच घातली तर भट्टीचं इंधन अडीच-तीन टक्के वाचतं. एक टन फुटकी काच घातली की जवळपास एक टन दोनशे किलो कच्चा माल वाचतो. म्हणून बाटल्यांच्या कारखान्याला फुटकी काच लागतेच. ती काच उकिरड्यावरून कारखान्याच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जात नाही.

ती माझी मावशी नेते. मावशी मुखेड तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून जी माणसं उठली, त्यांतलं तिचं सासर. आधी खडी फोडायला गेले, मग पुण्यात आले, झोपडपट्टीत राहिले. बाप्यांना हमाली मिळाली, बायांच्या हातात पोतं आलं. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांत बहुतेक आपल्याच. महार, मांग. ज्या हातांनी गावात मेलेलं ढोर ओढलं, झाडलोट केली, त्याच हातांवर शहरानं उकिरडा ठेवला. जात गाडीत बसून पुण्याला आली, तिकीट न काढता.

मावशीच्या तळहातावर रेघा किती आणि काचेच्या खुणा किती, सांगता येत नाही. मी एकदा विचारलं, मावशे, काचेला भाव काय मिळतो गं? ती म्हणाली, "कामून इचारायलास लेका? वझं लई, पैसा न्हाई. कागद बरा, पत्रा त्याहून बरा. काच म्हंजे नुस्तं रगत." भंगारवाल्याकडं काचेला सगळ्यांत कमी भाव. बाटली अख्खी असेल तर चार पैसे, फुटली की मातीमोल. भंगारवाल्याकडून ठोक व्यापाऱ्याकडं, तिथून दळणाऱ्याकडं, तिथून भट्टीत. दर टप्प्याला भाव चढतो. कारखान्याचं इंधन वाचतं, नफा वाढतो, आणि त्या नफ्यातून साहेब इस्लापूरला बाकं पाठवतो. त्या बाकाच्या लाकडात मावशीचं रक्त आहे, हे मी कवितेतल्यासारखं म्हणत नाही. टक्केवारी वर दिलीय, पोरांनी हिशेब मांडावा.

या बायांनी पुण्यात १९९३ साली आपली संघटना बांधली. नाव ऐका: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. संघटनेच्या नावात काच आहे. ओळखपत्रं मिळवली, कचऱ्यावरचा हक्क मागितला. 'अस्वच्छ व्यवसाय' करणाऱ्यांच्या मुलांसाठी सरकारची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती असते, ती आमच्याही पोरांना लागू करा म्हणून लढल्या आणि लागू करून घेतली. भट्टीत काच ओतणाऱ्या कंपनीनं या बायांच्या पोरांसाठी आपणहून काय केलं, हे विचारायला आपल्याला कुणी मना केलेलं नाही.

कायदा काय म्हणतो तेही बघा, कारण साहेबाचं पत्र प्रेमापोटी आलेलं नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात १३५ वं कलम आहे, १ एप्रिल २०१४ पासून लागू. ज्या कंपनीचं नक्त मूल्य पाचशे कोटी, किंवा उलाढाल हजार कोटी, किंवा निव्वळ नफा पाच कोटी किंवा त्याहून जास्त, तिनं आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचे. यालाच सीएसआर म्हणतात. कशावर करायचे त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. शिक्षण आहे, सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, कला आणि संस्कृतीचं जतन आहे, पारंपरिक कला आणि हस्तकला आहेत. म्हणजे जो खर्च कायद्यानंच सांगितलाय, त्यावर वर बोर्ड लावायचा आणि आपण टाळ्या पिटायच्या.

त्याच कायद्यात म्हटलंय की कंपनी जिथं काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं. आता किनवट तालुक्यात कुणाचा कारखाना आहे? सागवान आमच्याकडचं गेलं, मजूर आमच्याकडचे गेले, कारखाने मात्र मुंबई, ठाणे, रायगड, पुणे. मग प्राधान्य कुणाला? जिथं आधीच सगळं आहे त्यांनाच. सरकारनं नंतर खुलासा केला की हे प्राधान्य बंधनकारक नाही. चांगलं. पण बंधनकारक नसताना इस्लापूरला येणार कोण? धबधबा बघायला आलेला साहेबच. म्हणजे आमच्या पोरांचं शिक्षण पाऊस किती पडला यावर.

आणखी एक गंमत. नियम असा की फक्त आपल्याच कामगारांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या भल्यासाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. ते ठीकच, कामगाराचं देणं समाजकार्यात दाखवू नये. पण मावशी कुठल्याच हजेरीपटावर नाही. कंपनीच्या लेखी ती कामगार नाही, महापालिकेच्या लेखी नोकर नाही. तर मग तिच्या नातवाला शिष्यवृत्ती द्यायला कुठला नियम आड येतो? आजवर हजेरीपटावर नाही म्हणून तिला बोनस मिळाला नाही. आता त्याच कारणानं तिच्या घरचं पोरगं यादीत पहिलं बसलं पाहिजे.

कुणी म्हणेल, धंदेवाल्यांकडून एवढी अपेक्षा करणं भाबडेपणा. तर जर्मनीतल्या येना शहराकडं बघा. अर्न्स्ट आबे, जन्म १८४०. बाप सूतगिरणीत. चौदा-सोळा तास उभं राहून काम, पोरगा दुपारचा डबा घेऊन जायचा. गिरणीच्या मालकानं या पोराच्या शिक्षणाला पैसे दिले, म्हणून तो शिकला, प्राध्यापक झाला. झाइस यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात भागीदार झाला. १८८४ साली शॉटबरोबर भिंगांच्या काचेचा कारखाना काढण्यातही तो होता. आणि १८८९ साली त्यानं कार्ल झाइस प्रतिष्ठान काढून आपली मालकी हळूहळू त्यात सोडून दिली. नफ्यातून येना विद्यापीठाला पैसा, गावाला वाचनालय, व्याख्यानांसाठी आणि संगीतासाठी लोकांचं सभागृह. १९०० साली आठ तासांचा दिवस. आपल्याकडं बाबासाहेब मजूरमंत्री असताना आठ तासांची गोष्ट पुढं आली, म्हणजे कितीतरी वर्षांनी.

मला यातलं वाचनालय एवढं मोठं वाटत नाही. मोठी वाटते ती १८९६ ची घटना. प्रतिष्ठानची लेखी घटना. माणसाचा धर्म, त्याचा वंश, त्याचा पक्ष बघून कारखान्यात भेदभाव करायचा नाही, असं त्यात लिहून ठेवलं. ज्याला मालकाच्या मर्जीनं शिकायला मिळालं होतं, त्यानं मर्जी हा प्रकारच मोडीत काढला आणि नियम लिहिला. वाचताना अंगावर काटा येतो. नंतर हिटलरच्या काळात त्याच झाइसच्या कारखान्यात धरून आणलेल्या माणसांना सक्तीनं राबवलं, हेही खरं. कागद नुसता असून चालत नाही, त्याच्या बाजूनं उभं राहणारी माणसं लागतात. पण कागदच नसेल तर उभं राहायचं कशावर?

आता त्या पंच्याऐंशी टक्क्यांकडं येऊ. गुणवत्ता! हा शब्द ऐकला की माझं डोकं सणकतं. पंच्याऐंशी टक्के कुणाला पडतात? लातूरला नाही तर नांदेडला क्लास लावलेल्या, खोली घेतलेल्या, मेसचा डबा खाणाऱ्या पोराला. त्याला तुमची शिष्यवृत्ती मिळाली तर तो नवा मोबाईल घेईल. सकाळी पाणी भरून, सोयाबीन काढून, मग शाळा गाठणाऱ्या पोरीला पासष्ट पडतात. त्या पासष्टांत किती बळ आहे हे कुठल्या मापानं मोजणार? आणि नुसती फी भरून भागत नाही. १९१३ साली सयाजीरावांनी बाबासाहेबांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या पैशाचं मोल कुणी कमी करू नये. पण नोकरीच्या कराराप्रमाणं ते १९१७ साली बडोद्याला परत आले तेव्हा काय झालं? कोलंबियात शिकलेल्या माणसाला राहायला खोली मिळाली नाही. पारशी खानावळीतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. शिष्यवृत्ती अमेरिकेपर्यंत पुरली, बडोद्यातल्या एका खोलीपर्यंत पुरली नाही. आजही नांदेडला आमच्या पोराला खोली बघायला जाताना आडनाव आधी सांगावं लागतं. म्हणून बाकं नकोत, खोलीचं भाडं द्या. मेसचे पैसे द्या. सरकारची स्वाधार योजना आहे खरी, पण तिचा हप्ता येईपर्यंत घरमालक थांबत नाही.

राहिलं ते मोरपिसांचं नृत्य. साहेबाला त्याचं नावही ठाऊक नाही. ते दंडारी. आमच्या भागातले गोंड लोक दिवाळीच्या दिवसांत करतात. मोरपिसांचे मोठे टोप घातलेले ते घुसाडी. त्यांचे नेमधर्म असतात, त्या दिवसांत ते आंघोळसुद्धा करत नाहीत. एका गावची दंडारी दुसऱ्या गावाला जाते, ते गाव तिला जेवू घालतं, सोयरीकसुद्धा जुळते. ती देवाची गोष्ट आहे. ती काढून हिवाळ्यात मुंबईच्या हॉटेलात, जेवणाआधी वीस मिनिटं, कशी नाचवायची? आणि यात आपल्याच पोरांना मी टोचून सांगतो, हा होकार किंवा नकार देणारे आपण कोण? दंडारी गोंडांची. बौद्ध वस्तीतल्या चार पोरांनी त्यांच्या वतीनं मान डोलावली तर आपणही त्या साहेबासारखेच. पत्र त्यांच्या पाड्यावर घेऊन जा, वाचून दाखवा, ते ठरवतील. कलेला मदतच करायची तर वस्तीतल्या जलशांना करा, कलापथकांना करा, ढोलकीला कातडं ताणणाऱ्याला करा. पण ज्या कलेत कंपनीला प्रश्न विचारला जातो, तिला वार्षिक कार्यक्रमाचं आमंत्रण येत नाही, हा आपला अनुभव आहे.

काच आणि कला म्हटलं की मला आणखी एक आठवतं. अमेरिकेत कॉर्निंग नावाच्या गावात त्याच नावाची काचेची कंपनी आहे, १८५१ ची. शंभर वर्षं झाली म्हणून तिनं १९५१ साली काचेचं संग्रहालय उभारलं. जून १९७२ मध्ये तिथं मोठा पूर आला. पाचशेच्या वर काचेच्या वस्तू फुटल्या, ग्रंथालय चिखलात गेलं. माणसांनी एकेक तुकडा धुतला, जोडला, भिजलेली पुस्तकं गोठवून वाचवली. मला त्या कामाचा आदर आहे, मनापासून. फक्त सन बघा. त्याच बहात्तरात माझी मावशी मुखेडच्या उन्हात खडी फोडत होती.

तर कंपनीला द्यायच्या उत्तराचा कच्चा मसुदा मी केलाय, आणि तो इथं सांगतो म्हणजे इतर गावच्या, वस्त्यांच्या पोरांना कामी येईल. अशी पत्रं आता बऱ्याच ठिकाणी येतात. दहा जागांपैकी पाच शहरात काच-कचरा वेचणाऱ्या बायांच्या पोरांना, पाच आमच्या इस्लापूर भागातल्या पोरांना. टक्क्यांची अट नको, पास झालं पाहिजे आणि शाळा सुटायची वेळ आलेली असली पाहिजे. त्यातही पोरी आधी. पैसा खोलीभाड्याला, मेसला. एक वर्षाचा फोटो नको, पाच वर्षांचं लेखी. निवड करणाऱ्या समितीत काच वेचणाऱ्या दोन बाया, गावातली दोन माणसं, कंपनीचा एक. हिशेब वर्षातून एकदा वस्तीत उभं राहून वाचायचा. बोर्ड लावायचाच असेल तर लावा, पण त्यावर हा पैसा कायद्याच्या कुठल्या कलमाखाली आला ते लिहा. आणि कंपनीच्या कारखान्यात काही घडलं तर आम्ही मोर्चात असू, हेही त्याच पत्रात. हे मान्य नसेल तर बाकं त्यांनी ठेवून घ्यावीत. पंखा आपण वर्गणीतून बसवू, एक पैसा माणशी नाही, पन्नास रुपये माणशी.

'फाडून टाका'वाली पोरं म्हणतात, एवढ्या अटी घातल्या तर ते देणारच नाहीत, मग फाडून टाकल्यासारखंच झालं. तसं नाही. फाडलेल्या पत्राची नोंद कुठंच राहत नाही. अटी घालून पाठवलेल्या पत्राला उत्तर द्यावं लागतं. दिलं नाही तर तेही आपण छापू.

मसुद्यात एकच जागा रिकामी आहे. समितीवर कोण बसणार? मी मावशीचं नाव सुचवलं. ती तयार नाही. "मला वाचाय येत न्हाई, सायबाच्या मोरं म्या काय बोलू?" म्हणते. मी म्हटलं, मावशे, काच कोणती भट्टीत चालते आणि कोणती नाही, हे तुला अंधारात हात लावून कळतं, साहेबाला कळतं का? ती हसली आणि पोतं उचलून निघाली. पुण्यातल्या ज्या पोरींना तिच्याशी नीट बोलता येईल, त्यांनी येत्या रविवारी सकाळी वस्तीत यावं. दहाच्या आधी या. त्यानंतर ती कामावर असते.